फायर डिस्ट्रिक्टचं बजेट आणि रिकाम्या खुर्च्या

पाणवठा (न्यू जर्सी)

प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की आमच्या घरी दोनच आकडे बघितले जातात, शाळेचा आणि एकूण. मधल्या ओळी मी इतकी वर्षं वाचल्याच नव्हत्या. त्यातली एक ओळ 'फायर डिस्ट्रिक्ट' अशी आहे, म्हणजे आमच्या भागाच्या अग्निशमनासाठीचा कर. या मंगळवारी त्या ओळीमागे काय आहे ते प्रत्यक्ष पाहून आलो. या मंचावरचे बरेच जण न्यू जर्सीत राहतात, म्हणून सविस्तर लिहितो.

निमित्त असं झालं. डिसेंबरात शेजारच्या घरी तळणीच्या तेलाने पेट घेतला. शेजारच्या काकूंनी गॅस बंद करून कढईवर ताट झाकलं, पाणी ओतलं नाही, म्हणून थोडक्यात निभावलं. तरी ज्वाळा वरच्या कपाटापर्यंत गेल्या होत्या. गाड्या आल्या. जवान आत गेले, त्यांनी थर्मल कॅमेरा भिंतीवरून फिरवून आत कुठे आग मुरलीय का ते पाहिलं, कपाटाची मागची फळी काढली आणि सगळं थंड झाल्याची खात्री करूनच निघाले. हेल्मेट काढल्यावर त्यातला एक जण ओळखीचा निघाला. आमच्याच रस्त्यावर राहतो, दिवसा दुसरीकडे नोकरी करतो.

दुसऱ्या दिवशी मी आणि मुलगी बेसनाचे लाडू घेऊन फायरहाऊसला गेलो. दाराशी फळ्यावर एक कागद टाचलेला होता, पुढच्या वर्षाच्या बजेटवर जाहीर सुनावणी, अमुक तारीख, संध्याकाळी सात. मुलीने विचारलं, "बाबा, आपण जायचं?" तिने विचारलं नसतं तर मी गेलो नसतो हे खरं आहे.

हॉलमध्ये पस्तीस-चाळीस खुर्च्या मांडलेल्या. समोर टेबलाशी पाच कमिशनर, बाजूला क्लार्क आणि हिशेब तपासणारे अकाउंटंट. लोकांच्या बाजूला आम्ही दोघं आणि एक निवृत्त गृहस्थ. अध्यक्षांनी बजेट ओळीने वाचलं आणि "लोकांपैकी कोणाला बोलायचंय?" असं विचारून आमच्याकडे बघितलं. मला प्रश्न सुचेना, कारण मला काहीच माहीत नव्हतं. त्याचं फार वाईट वाटलं. घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो. जे कळलं ते असं.

फायर डिस्ट्रिक्ट म्हणजे टाऊनशिपचं (इथल्या नगरपालिकेचं) खातं नाही. ते स्वतंत्र छोटं सरकारच आहे. राज्याच्या कायद्यात त्याची सोय आहे. भागातल्या किमान 5 टक्के नोंदणीकृत मतदारांनी (किंवा 20 जणांनी, जी संख्या जास्त असेल ती) अर्ज केला की टाऊनशिप सुनावणी घेऊन डिस्ट्रिक्ट स्थापू शकते. कारभार पाच निवडून आलेल्या कमिशनरांकडे, मुदत तीन वर्षं. मेयरचं तिथे चालत नाही. गाडी कुठली घ्यायची, पगारी माणसं किती, चीफला (दलाच्या प्रमुखाला) काय अधिकार, सगळं हे पाच जण ठरवतात. एकाच टाऊनशिपमध्ये दोन-तीन, कुठे त्याहून जास्त डिस्ट्रिक्ट असतात, त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा असं होऊ शकतं.

वर्ष जानेवारी ते डिसेंबर. निवडणूक फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी, बहुतेक ठिकाणी दुपारी दोन ते रात्री नऊ. त्याच्या किमान साठ दिवस आधी बजेट मांडावं लागतं, राज्याच्या स्थानिक शासन विभागाकडून ते तपासून यावं लागतं, मग सुनावणी, मग मंजुरी, मग मतदान. आणि इथेच माझे डोळे उघडले. त्या शनिवारी फक्त माणसं निवडायची नसतात, करातून किती रक्कम उभी करायची त्यावरही हो किंवा नाही असं मत द्यायचं असतं. टाऊनशिपच्या बजेटवर असं मत देता येत नाही, काउंटीच्याही नाही. लोकांनी नाही म्हटलं तर ते बजेट टाऊनशिपच्या कौन्सिलकडे जातं आणि रक्कम कौन्सिल ठरवते.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. वर्ष जानेवारीत सुरू होतं, पण कर गोळा करते टाऊनशिप, आणि ती डिस्ट्रिक्टला पैसे हप्त्याने देते. 1 एप्रिलला 21.25 टक्के, 1 जुलैला 22.5, 1 ऑक्टोबरला 25 आणि उरलेले 31.25 टक्के थेट 31 डिसेंबरला. म्हणजे पहिले तीन महिने हातात नव्या कराचा एक डॉलरही नाही, आणि जवळजवळ तिसरा हिस्सा वर्ष संपताना. पगार, डिझेल, विमा मात्र पहिल्या दिवसापासून. ही ताळेबंदातली 'शिल्लक' बघून मी मनात म्हणत होतो की एवढे पैसे पडून आहेत तर कर कमी का करत नाहीत! ती शिल्लक म्हणजे एप्रिलपर्यंतचा किराणा आहे.

आता मतदानाच्या आधी मला अजून शिकायचंय. कोणी अशा बोर्डाचा कारभार जवळून पाहिलाय का? बजेटमध्ये कुठल्या ओळी बघायच्या? काय विचारायचं? आपण टॅक्सबद्दल दर पार्टीत बोलतो, आणि जिथे खरंच विचारून घेतात तिथे आपली एक खुर्ची भरलेली नसते. मला हे बदलावंसं वाटतं.

---

दगडीपाटा

पाणवठा, धागा वाचून फार बरं वाटलं. मी नगरपालिकांच्या हिशेबतपासणीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं लिहितो.

सगळ्यात आधी दर बघणं सोडा. न्यू जर्सीत दर शंभर डॉलर मूल्यांकनामागे सांगतात. समजा दर 10 सेंट आणि घराचं मूल्यांकन 5 लाख, तर कर 500 डॉलर. पण गावात फेरमूल्यांकन झालं की मूल्यांकन वाढतं आणि दर खाली येतो. दर उतरला म्हणून लोक खूश होतात, प्रत्यक्षात डिस्ट्रिक्टने उचललेली एकूण रक्कम वाढलेली असते. बघायची ती एकूण रक्कम, लेव्ही.

लेव्हीवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे, 2010 च्या कायद्याने आलेली. लेव्ही 30 लाख असेल तर वाढ साधारण 60 हजार. एका पूर्णवेळ जवानाचा पगार आणि विमा धरला तर हे 60 हजार किती पुरतात ते तुम्हीच बघा. मर्यादेतून काही गोष्टी वगळलेल्या आहेत, कर्जफेड, भांडवली खर्च, पेन्शन आणि आरोग्यविम्याची ठरावीक टक्क्यांवरची वाढ, आणीबाणीचा खर्च. म्हणून 'आम्ही 2 टक्क्यांच्या आत आहोत' हे वाक्य ऐकलंत की पुढचा प्रश्न विचारा, वगळलेल्या रकमा धरून एकूण वाढ किती? एखाद्या वर्षी मर्यादेपेक्षा कमी उचललं तर उरलेली वाढ पुढची तीन वर्षं राखून ठेवता येते. तीही विचारा. मागची शिल्लक वाढ एकदम वापरली की एका वर्षात बिल टुणकन उडी मारतं.

शिल्लकेबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर. त्यात भर म्हणजे सरकारी पेन्शन योजनेत मालकाने भरायची वर्षाची रक्कमही एप्रिलच्या सुरुवातीलाच द्यायची असते. पहिला हप्ता आला की त्यातला मोठा घास तिथेच जातो. पण शिल्लकेची दुसरी बाजू अशी की काही बोर्डं कर न वाढवण्यासाठी दरवर्षी शिल्लक खात बसतात. तीन वर्षांचे ऑडिट शेजारी ठेवा. शिल्लक पायरीपायरीने उतरताना दिसली तर चौथ्या वर्षी काय होणार ते कळायला अकाउंटंट लागत नाही.

नवीन गाडीसाठी राखून ठेवलेला निधी वेगळा दाखवलेला असतो. तो रोजच्या खर्चाला वापरता येत नाही. त्यात दरवर्षी भर पडतेय ना, ते बघा.

---

खारीबुंदी

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका, जवानांबद्दल मला आदरच आहे.

फेब्रुवारीतला शनिवार, थंडी, बर्फ, पत्रक घरी येत नाही. मतदान करतं कोण? फायरहाऊसशी संबंधित कुटुंबं. पाच कमिशनरही बहुधा तिथलेच, आजचे किंवा कालचे जवान. ज्याला गाडी चालवायचीय तोच गाडी मंजूर करतो. त्यात वाईट हेतू नसेल, पण 'ही गाडी आणखी चार वर्षं चालेल का' हे विचारणारं टेबलाशी कोणीच नसतं.

दुसरं, एका गावात तीन-चार डिस्ट्रिक्ट म्हणजे तीन-चार ऑडिट, तितकेच वकील, तितक्याच निवडणुका, तितक्याच चीफच्या गाड्या. मर्सर काउंटीतल्या हॅमिल्टन टाऊनशिपने आपले डिस्ट्रिक्ट बंद करून 2021 पासून सगळं टाऊनशिपच्या एका फायर विभागात आणलं. बाकीच्यांनीही तेच करावं असं माझं मत आहे. ते होईपर्यंत निदान निवडणूक तरी नोव्हेंबरात न्यावी. 2017 च्या कायद्याने तशी मुभा दिलेली आहे. सार्वत्रिक निवडणुकीला जाणारा माणूस तिथेच हेही मत देईल.

---

दगडीपाटा

खारीबुंदी, नोव्हेंबरबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सुटली. निवडणूक नोव्हेंबरात नेली की कमिशनर निवडायला जास्त लोक येतात हे खरं, पण मर्यादेच्या आतलं बजेट मग मतदानाला येतच नाही. मर्यादा ओलांडायची असेल तरच लोकांना विचारतात. शाळांच्या बाबतीत झालं तेच. म्हणजे मतदार वाढतात आणि प्रश्न एक कमी होतो. हा सौदा डोळे उघडे ठेवून करावा.

---

खारीबुंदी

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. विचार करायला हवा.

---

लोणारी (न्यू जर्सी)

मी गेली सहा वर्षं व्हॉलंटिअर, म्हणजे बिनपगारी जवान आहे. आमच्या फायर कंपनीत (तुकडीत) मराठी मी एकटाच. खारीबुंदी काकांच्या मुद्द्याला आतून उत्तर देतो.

माझा टर्नआउट कोट (आगीत जाताना घालायचा) आणा आणि आतलं लेबल बघा. त्यावर कोट तयार झाल्याचा महिना आणि वर्ष छापलंय. तिथून दहा वर्षं झाली की तो बाद, एकदाही आगीत गेला नसला तरी. पाठीवरच्या हवेच्या नळकांड्याचं तसंच. कार्बनचं आवरण असलेला सिलिंडर दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासायचा आणि पंधराव्या वर्षी फेकायचा. त्याच्या मानेजवळ स्टिकरवर तारखा असतात. आमच्याकडे बरेचसे सिलिंडर एकाच वर्षी, फेमाच्या (केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) अनुदानातून आले होते. त्यामुळे ते बाद होणारही एकाच वर्षी. हे बोर्डाला पंधरा वर्षं आधीपासून माहीत असतं. म्हणून सुनावणीत विचारायचा माझ्या मते सगळ्यात चांगला प्रश्न, "पुढच्या पाच वर्षांत कुठलं सामान मुदतीबाहेर जातंय आणि त्याचे पैसे कुठे आहेत?" उत्तर कागदावर असेल तर बोर्ड चांगलं आहे. तोंडी असेल तर पाठपुरावा करा.

गाडीचं सांगतो. नवीन पंपरला (पाण्याचा पंप असलेल्या बंबाला) आज साधारण 10 लाख डॉलर लागतात, शिडीच्या गाडीला त्याहून बरेच जास्त. ऑर्डर दिल्यावर गाडी हातात यायला दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त. साधारण नियम असा की पंधरा वर्षं पहिल्या फळीत, मग राखीव, पंचवीसनंतर निवृत्त. 'आणखी चार वर्षं चालवू' असं आज म्हटलं, तर ती चार अधिक तीन होतात. आणि काका, गाडी कमिशनर एकटे मंजूर करू शकत नाहीत. गाडी आणि इमारतीसाठी मतदारांची वेगळी मंजुरी लागते, कर्ज काढायचं तर राज्याच्या लोकल फायनान्स बोर्डापुढेही जावं लागतं.

पण तुमचा मूळ मुद्दा खरा आहे. टेबलाशी बाहेरचा माणूस हवा. आमच्या बोर्डावर एक निवृत्त शिक्षिका निवडून आल्या. त्यांना नळीचा व्यास कळत नव्हता, पण त्यांनी पहिल्याच वर्षी प्रत्येक देखभाल कराराची तीन वर्षांची बिलं मागितली. दोन करार एकाच कामाचे निघाले. आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आम्ही गाडीखाली बघत होतो, बिलाखाली नाही.

---

पाणवठा

लोणारी, तो प्रश्न मी वहीत लिहून ठेवला. एक विचारतो, पगारी माणसांवरचा खर्च आमच्याकडे दरवर्षी वाढतोय. व्हॉलंटिअर असताना पगारी का लागतात?

---

लोणारी

कारण मंगळवारी सकाळी अकरा वाजता गावात माणूस नसतो. मी स्वतः रेल्वेने शहरात जातो. पूर्वीची पिढी गावातच गॅरेज चालवायची, दुकान चालवायची, भोंगा झाला की शटर ओढून पळायची. आता आम्ही रात्री आणि शनिवार-रविवार असतो. दिवसा चार पगारी जवान ठेवले नाहीत तर गाडी निघतच नाही. शिवाय आजकाल शिकायलाच केवढं असतं. फायरफायटर वनचा कोर्स म्हणजे कित्येक महिने संध्याकाळी आणि शनिवारी वर्ग. दोन नोकऱ्या करणाऱ्या घरात ते जमत नाही.

व्हॉलंटिअर टिकावेत म्हणून बजेटमध्ये 'लोसॅप' नावाची एक ओळ असते. 1997 च्या कायद्याने सुरू झालेली. वर्षभरात ठरावीक गुण मिळवले, म्हणजे आगीची खबर (वर्दी) आल्यावर गेलात, सराव केलात, की तुमच्या नावावर निवृत्तीसाठी थोडी रक्कम जमा होते. मूळ कायद्यात 100 ते 1150 डॉलर अशी चौकट होती, महागाईप्रमाणे ती वाढते. पाच वर्षं भरल्याशिवाय ती तुमची होत नाही. ही ओळ कापावी असं कोणी सुचवलं तर कृपया उभं राहून विरोध करा. एक व्हॉलंटिअर गेला की त्याच्या जागी येणारा माणूस पगारी असतो.

---

सांजवात (वॉशिंग्टन राज्य)

आमच्याकडची पद्धत थोडी वेगळी आहे, तुलनेला सांगते. इथे फायर डिस्ट्रिक्टला बहुधा तीन किंवा पाच कमिशनर असतात, मुदत सहा वर्षं. लेव्हीला दोन कुंपणं. एक, हजार डॉलर मूल्यामागे जास्तीत जास्त दीड डॉलर. दुसरं, जुन्या मालमत्तांवरची एकूण लेव्ही वर्षाला 1 टक्क्यापेक्षा जास्त वाढवायची नाही. हे दुसरं कुंपण 2001 च्या जनमतातून आलं, कोर्टात पडलं आणि 2007 मध्ये विधिमंडळाने परत घातलं.

1 टक्का म्हणजे महागाईच्या मागे दरवर्षी थोडं थोडं पडत जाणं. घरांच्या किमती चढल्या की दर दीड डॉलरवरून आपोआप उतरत जातो. मग पाच-सहा वर्षांनी बोर्ड लोकांपुढे येतं की झाकण उचलू द्या. त्याला इथे 'लिड लिफ्ट' म्हणतात. साधं बहुमत पुरतं. मी पहिल्यांदा 'नाही' म्हणाले होते, कारण पत्रकात वाढ मोठी दिसत होती. नंतर कळलं की ती वाढ नवीन नव्हती, मधल्या वर्षांची साचलेली होती. दुसऱ्यांदा 'हो' म्हटलं. दोन्ही वेळा मत माझंच, पण दुसऱ्यांदा मी वाचून दिलं.

इथे तिसरा मार्गही आहे, 'बेनिफिट चार्ज'. घराच्या किमतीवर नव्हे तर घराचं क्षेत्रफळ, वापर, आग विझवायला लागणारं पाणी यांवर आकारणी. तो पहिल्यांदा लावायला 60 टक्के मतं लागतात. मला तो जास्त न्याय्य वाटतो. जळताना किंमत जळत नाही, बांधकाम जळतं.

---

केळफूल (कॅलिफोर्निया)

आमच्याकडे फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट 1987 च्या कायद्याखाली चालतात. वर्ष जुलैपासून. कच्चं बजेट 30 जूनपर्यंत आणि पक्कं 1 ऑक्टोबरपर्यंत. 1978 च्या प्रपोझिशन 13 नंतर डिस्ट्रिक्टला स्वतःचा मालमत्ता करदर ठरवता येत नाही, 1 टक्क्याच्या सामायिक करातला ठरलेला वाटा मिळतो. जास्त हवं तर विशेष कर, आणि डिस्ट्रिक्टने तो मांडला तर दोन तृतीयांश मतं. वणव्यांच्या राज्यात हे गणित फार अवघड जातं. एवढंच.

---

बंबवाला (नाशिक जिल्हा)

मी एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालो. हा धागा दोनदा वाचला. तुम्हा लोकांना गाडी घ्यायची का म्हणून विचारतात, हे वाचून गहिवरलो.

आपल्याकडे अग्निशमन ही राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे नगरपालिकांकडची बाब. वेगळं मंडळ नाही, वेगळं मतदान नाही. मालमत्ता कराच्या बिलावर काही शहरांत अग्निशमन कर म्हणून ओळ असते, पण तो पैसा दलाला किती पोहोचतो हे कराची पावती धरून कोणी विचारत नाही. आमची मागणी दरवर्षी पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती यांच्यासोबत रांगेत असायची. रस्ता रोज दिसतो. बंब गॅरेजमध्ये उभा असतो. ज्या वर्षी मोठी आग लागत नाही त्या वर्षी आमची ओळ पहिली कापली जायची.

एकदा आम्ही पंपाच्या दुरुस्तीसाठी पैसे मागितले. फाईल अकरा महिने फिरली. त्या काळात वर्दी आली की आमचा चालक पंप सुरू करताना एका हाताने तरफ दाबून धरायचा, सोडली की दाब उतरायचा. एका गोदामाच्या आगीत तो तसाच तीन तास उभा होता. हात सुजून कोपरापर्यंत आला होता. त्याच्यासाठी मी हे लिहितोय.

2022 मध्ये मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या महापालिकांच्या मुदती संपल्या आणि पुढे काही वर्षं प्रशासकांनीच अर्थसंकल्प केले. स्थायी समिती नाही, नगरसेवक नाही. तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. 2023 मध्ये पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5000 कोटींची योजना केली, गाड्या येतील. पण गाडीला चालवणारा आणि दरवर्षीचं डिझेल गावालाच द्यायचंय.

पाणवठा, तुम्हाला एक सुचवतो. सामानाचं विचाराल ते ठीक. पाण्याचंही विचारा. पाणी नसेल तर 10 लाखांची गाडी नुसती लाल आहे.

---

पाणवठा

काका, तुमच्या चालकाबद्दल वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

पाण्याचं बजेटमध्ये खरंच आहे. मी परत काढून पाहिलं. 'हायड्रंट भाडं' अशी ओळ आहे (हायड्रंट म्हणजे बंबाला पाणी देणारा रस्त्याकडेचा नळ) आणि रक्कम लहान नाही. पाणी कंपनी खाजगी असेल तर रस्त्यावरच्या प्रत्येक हायड्रंटमागे डिस्ट्रिक्टला पैसे भरावे लागतात. मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं हायड्रंट म्हणजे रस्त्याचा भाग.

---

लोणारी

आणि त्याचा फायदा तुम्हाला घरविम्यात मिळतो. आयएसओ (इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस) नावाची संस्था प्रत्येक भागाला 1 ते 10 असा वर्ग देते, 1 सर्वोत्तम. त्यात 50 गुण अग्निशमन दलाचे, 40 पाण्याचे, 10 वर्दी घेण्याच्या यंत्रणेचे, आणि आग लागू नये म्हणून केलेल्या कामाचे थोडे वरचे. बऱ्याच विमा कंपन्या हा वर्ग बघतात. तुमच्या भागाचा वर्ग सुनावणीत विचारा, सांगतात.

---

उंबरठा (न्यू जर्सी)

मी इथे दोन वर्षांपूर्वी आले, एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर). मागच्या वर्षी घर घेतलं. मला मत नाही. मग या सगळ्याचा मला उपयोग काय? मनापासून विचारतेय, वाद घालायला नाही.

---

पाणवठा

उंबरठा ताई, मत नागरिकांनाच आहे, आणि त्यांनीही निवडणुकीच्या 21 दिवस आधी नोंदणी केलेली हवी. पण सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. बोर्डाच्या बैठका 1975 च्या कायद्याने सगळ्यांना खुल्या आहेत, नोकरभरती, खटला, कराराच्या वाटाघाटी असे मोजके विषय सोडून. तुम्ही कर भरता, तुमच्या घराला आग लागली तर तेच येणार. बजेट, इतिवृत्त, ऑडिट मागायलाही काही अडचण नाही.

तुमचं त्यांच्याशी नातं आधीच जुळलंय. घर घेताना विकणाऱ्याने स्मोक डिटेक्टरचं प्रमाणपत्र आणलं असेल ना? स्वयंपाकघराजवळ आग विझवायचा लाल सिलिंडर लावलेला असेल. ते तपासणारा इन्स्पेक्टर अनेक ठिकाणी याच डिस्ट्रिक्टचा असतो आणि त्याची फी बजेटमध्ये जमेच्या बाजूला दिसते.

---

खारीबुंदी

दोन दिवस विचार केला. डिस्ट्रिक्ट एकत्र व्हावेत हे माझं मत कायम आहे, कारण खर्चाची पुनरावृत्ती मला पटत नाही. पण फेब्रुवारीचं मतदान नोव्हेंबरात न्यावं हे मत मी मागे घेतो. कराच्या रकमेवर हो-नाही म्हणायचा हक्क सोडण्यापेक्षा कोट घालून बाहेर पडलेलं बरं. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये यंदा एका जागेला उमेदवारच नव्हता. दहा मतदारांच्या सह्यांचा अर्ज निवडणुकीच्या 29 दिवस आधी द्यायचा होता, ती तारीख गेली. पुढच्या वर्षी मी अर्ज भरणार आहे. दगडीपाटा, तेव्हा ताळेबंद वाचायला तुमची मदत लागेल.

---

दगडीपाटा

जरूर. तीन वर्षांची ऑडिट आत्ताच मागवून ठेवा.

---

उंबरठा

काल आमच्या डिस्ट्रिक्टच्या सुनावणीला गेले. सहा वर्षांचा मुलगा सोबत होता, त्याला घरी ठेवायला कोणी नव्हतं. लोकांमध्ये आम्ही दोघं आणि आणखी चार जण.

बंबवाला काकांचा प्रश्न विचारला. हायड्रंटचं भाडं भरतो, पण ते सगळे चालू आहेत का, कधी तपासले? इंग्रजी बोलताना आवाज कापत होता. चीफ उठले, त्यांनी मागून एक फाईल आणली आणि आमच्या रस्त्याचं पान काढून दाखवलं. प्रत्येक हायड्रंटला क्रमांक, तपासल्याची तारीख, दाब. आमच्या घरासमोरचा सप्टेंबरात तपासलेला, चालू. मग ते म्हणाले, आत्ता मात्र तो आम्हाला सापडेल का ते सांगता येत नाही.

घरी आलो तर खरंच दिसत नव्हता. नांगराच्या गाडीने ढकललेल्या बर्फाच्या ढिगात गेला होता. वर लावलेल्या काठीचं लाल टोक तेवढं बाहेर. मी फावडं घेतलं, मुलाने त्याचं समुद्रावरचं प्लास्टिकचं फावडं आणलं. चीफनी सांगितलं होतं, चहूबाजूंनी तीन फूट मोकळं हवं. पाऊण तास लागला. शेजारचे आजोबा खिडकीतून बघत होते, थोड्या वेळाने तेही टोपी घालून खाली आले आणि रस्त्याकडची बाजू त्यांनी केली.